कच्च्या डेटाच्या तीन प्रती

[दृश्य: काळा पडदा. फाइलींची नावं एकेक करून नाहीशी होतात.]

डिसेंबर २०२१. जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. फाइली जवळपास ३ कोटी ४० लाख. कुणी हल्ला केला नव्हता, डिस्कही बिघडली नव्हती. पुसणारी होती बॅकअपचीच स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल. दहा दिवसांहून जुन्या लॉग फाइली (कामकाजाच्या नोंदी) काढणं, एवढंच तिच्यातल्या एका आज्ञेचं काम. पण स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती चढवली गेली. अशा आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, बॅश, स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालता चालता वाचतो. मध्येच नवा मजकूर आला, त्यातल्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे माहिती धरून ठेवणाऱ्या नावात, काहीच नव्हतं, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइलींवर संक्रांत आली. १४ गटांना फटका बसला. ४ गटांचा डेटा परत आलाच नाही.

गेल्या त्या जुन्या, हात न लागलेल्या फाइली. कच्चा डेटा, म्हणजे मोजमापातून थेट आलेल्या नोंदी, नेमका असाच असतो: एकदा नोंदवला की महिनोन्‌महिने कुणी उघडत नाही.

[दृश्य: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, सर्व्हर.]

म्हणून प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या इमारतीत. क्लाउडशी सिंक होणारं फोल्डर यात धरू नका. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. रेडही (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायची पद्धत) धरू नका. ते डिस्क बंद पडली तर सांभाळून घेतं, चुकीची आज्ञा मात्र सगळ्या डिस्कवर इमानेइतबारे पाळतं. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडवणारं सॉफ्टवेअर, तिलाही कुलूप लावतं.

[दृश्य: टर्मिनलवर अक्षरांची लांब ओळ.]

मोजमाप संपलं की त्याच दिवशी प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा जणू तिचा ठसा, काढा. ६४ अक्षर-अंकांची ही ओळ. फाइलमधला एक बिट जरी उलटला, तरी ओळ पार बदलते. या चेकसमची यादी डेटासोबत ठेवा, आणखी एक प्रत वेगळीकडे. मग मूळ फाइली फक्त वाचण्यापुरत्या खुल्या करा. कॉपी झाल्यावर यादी पुन्हा ताडून बघा. अर्धवट उतरलेली फाइल नाव तेच दाखवते, म्हणून नुसती नावं बघून भागत नाही.

दर तीन महिन्यांनी एक फोल्डर दुसऱ्याच संगणकावर परत उतरवा आणि त्यावर विश्लेषण चालवा. एनक्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड फक्त जुन्या लॅपटॉपमध्येच होता, हे तेव्हाच उघड होतं, आणि तेव्हा तो लॅपटॉप अजून चालू असतो.