कच्चं मडकं

(पडद्यावर: किल्लारीचं जुनं गाव. उघडी जोती, मध्येच वाढलेल्या बाभळी.)

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी होती. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव उशिरा निजलं होतं. भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली.

अशा रात्रीनंतर माणूस देवाबद्दल दोन टोकांची बोलणी बोलतो, कधी कधी एकाच घरात. ‘देवानं हात दिला म्हणून वाचलो.’ आणि, ‘त्या दिवसापासून देवापुढं हात जोडले नाहीत.’ दोघांनीही तीच पहाट सोसलेली. यातल्या कुणालाही खोटं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

तरी एक गोष्ट राहतेच. साक्ष द्यायला वाचलेलेच उरतात. त्याच देवाचा धावा करत जे गेले, त्यांचा अनुभव कोण सांगणार?

(पडद्यावर: माळवदाचं जुनं घर, भिंतीची जाडी.)

आता घरं बघा. जाडजूड दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच घर त्या पहाटे अंगावर आलं. कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्यांतली माणसं तुलनेनं जास्त वाचली. त्यात कुणाला गरिबावरची कृपा दिसली तर दिसू द्या. पण माळवद जड आणि कूड हलका, हा हिशेब भक्ताच्या घराला वेगळा आणि नास्तिकाच्या घराला वेगळा नव्हता.

देवावरच्या वादात गाडी नेमकी इथंच अडते. ‘मला जाणवलं’ ही एक गोष्ट. ‘म्हणून ते तसंच आहे’ ही दुसरी. पहिलीवर शंका घेतली की माणूस दुखावतो, आणि मग दुसरीबद्दल बोलायचंच राहून जातं.

21 सप्टेंबर 1995 आठवतो? गणपती दूध पीत होता. रांगेतली माणसं शपथेवर सांगत, मी स्वतः पाजलं. चमचा रिकामा होत होता हे खरंच होतं. पृष्ठताणामुळं, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाच्या ओढीमुळं, दूध मूर्तीकडं ओढलं जाई आणि पातळ थरानं खाली ओघळे. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवला.

(पडद्यावर: तेर. तेरणा नदी, गोरोबाकाकांचं मंदिर.)

अनुभवाची अशी तपासणी म्हणजे शहरी, शिकलेल्यांचं खूळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला यावं. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसक तत्त्वज्ञांनीही योग्यांचं अलौकिक ‘प्रत्यक्ष’, म्हणजे इंद्रियांपलीकडचं थेट दिसणं, मान्य केलं नव्हतं, पण ते पंडितांचं झालं. तेरची गोष्ट कुंभाराची आहे.

संतमेळा जमला होता. मुक्ताबाईनं गोरोबाकाकांचं थापटणं, मडकी थापटायचं लाकडी हत्यार, पाहिलं आणि म्हणाली, काका, यातलं कुठलं मडकं कच्चं ते सांगा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळ्यांनी मुकाट सोसलं. नामदेव तेवढे चिडले. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं.

आणि नामदेव कोण? हिंगोलीतल्या नरसीचे. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल प्रत्यक्ष जेवला म्हणतात, ते! देवाचा एवढा जवळचा अनुभव त्या मेळ्यात दुसऱ्या कुणाला असेल? तरी काकांनी विठ्ठल दिसतो की नाही हे विचारलंच नाही. अनुभव घेणारा माणूस किती भाजला गेलाय, एवढंच पाहिलं. मला हा निकाल फार धाडसाचा वाटतो.

(पडद्यावर: औंढा नागनाथ. देवळाचं कोरीवकाम.)

पुढं औंढ्याला नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ते पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं ठेव बाबा माझे पाय. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंड! पंढरीतल्या सख्याला जवळून ओळखणाऱ्या भक्ताला आपली ओळख अपुरी होती, हे दुसऱ्याकडून कळलं.

या कथाही ऐकीवच, पुढच्या चरित्रकारांनी रंगवलेल्या. त्यांनी देव सिद्ध होत नाही. विसोबांचं उत्तर देव गृहीत धरूनच दिलेलं आहे, त्यामुळं नास्तिकाचं त्यानं समाधान व्हायचं नाही. तो म्हणेल, माणूस बदलला हे मान्य, पण बदलवणारा देवच होता कशावरून? प्रश्न रास्त आहे. त्याला थापटण्यानं उत्तर मिळत नाही.

(पडद्यावर: जत्रा. संबळ, हलगी, कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिणी.)

उपास, जागरण, संबळाचा ठेका, भोवतीची गर्दी. अंगात येतं. घुमणारी प्रत्येक बाई ढोंग करते असं म्हणणं हा आळशीपणा आहे. तिचं अंग खरंच थरथरत असतं. 2013 साली आलेल्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं पूजा, कीर्तन, वारी यांना हात लावलेला नाही. नुसतं घुमण्यालाही त्यात शिक्षा नाही. मात्र अंगात आल्याचं भासवून लोकांना भीती घातली, किंवा शेजारणीकडं बोट करून ‘करणी हिनंच केली’ असं ठरवून टाकलं, की तो गुन्हा होतो. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.