साडेपाच मिनिटांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे ते लोणावळा रेल्वेनं 64 किलोमीटर. ताशी 110 च्या वेगानं न थांबता गेलं तर 35 मिनिटं, 130 नं गेलं तर साडेएकोणतीस. रूळ, सिग्नल, कुंपण सगळं सुधारून वाचली साडेपाच मिनिटं.

आता वाटेत एकच किलोमीटर ताशी 30 चा कॉशन, म्हणजे तात्पुरती वेगमर्यादा, लागला असं धरा. तो किलोमीटर एरवी ताशी 110 नं 33 सेकंदांत सरतो, तिथे दोन मिनिटं जातात. शिवाय गाडी अर्धा किलोमीटर लांब. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत ड्रायव्हरला वेग वाढवता येत नाही, म्हणजे आणखी एक मिनिट. आधी ब्रेक लावणं, नंतर पुन्हा वेग घेणं वेगळंच. असे दोन कॉशन लागले की साडेपाच मिनिटं गेलीच म्हणून समजा. म्हणून कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा असे संथ तुकडे किती उरलेत, ते आधी विचारावं.

हे तुकडे येतात कुठून? बऱ्याचदा खडीतून. स्लीपर म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे; त्यांच्याखाली 300 मिलिमीटर स्वच्छ खडी हवी. तिच्यात माती मुरली की पाणी निचरत नाही, आणि पावसाळ्यात प्रत्येक चाकासरशी स्लीपरखालून चिखल उसळतो. रूळ बसतो, वेग उतरवावा लागतो. उपाय म्हणजे खडी उपसून चाळायची, कमी पडेल तिथे नवी भरायची आणि मशिननं ठोकून घट्ट करायची. तिथेही गाड्या आधी हळू सोडतात, मग टप्प्याटप्प्यानं वेग वाढवतात. त्यासाठी लागतो ब्लॉक, म्हणजे त्या रुळावरच्या गाड्या काही वेळ बंद ठेवणं, आणि लोकल, एक्सप्रेस, मालगाड्या त्याच दोन रुळांवर धावत असताना ब्लॉक मिळणंच अवघड. तिसरी-चौथी लाइन हवी ती यासाठीही.

घाटात मात्र ही मात्रा चालत नाही. कर्जत–लोणावळ्यामधल्या बोरघाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे हजार मीटरला 27 मीटर. पॅरिस–लिऑन हायस्पीड मार्गावर तो हजाराला 35 पर्यंत आहे! त्या गाड्या तो चढतात, कारण वेगाचा जोर हाताशी असतो आणि मार्ग सरळ असतो. आपल्या घाटाची अडचण चढाइतकीच वळणांची. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जास्तीत जास्त 165 मिलिमीटर उंच करता येतो. त्या हिशेबानं एक किलोमीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी साधारण 130 जमतं. हायस्पीडचे ताशी 320 हवे असतील तर त्रिज्या सहा किलोमीटरच्या आसपास लागते. वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट! सह्याद्रीत तसं वळण म्हणजे बोगदाच. जुना घाट कितीही दुरुस्त केला तरी त्याला तो आकार येणार नाही. कर्जत–लोणावळ्यासाठी नवा मार्ग मागावा तो या कारणानं.

पण एक गोष्ट आधी ठरवायला हवी. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1435 मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचा 1676. फ्रान्समध्ये हायस्पीड गाडी शहराजवळ जुन्या रुळांवर उतरते आणि मधल्या स्टेशनात जाते, कारण दोन्ही गेज एकच. इथे 1435 चा मार्ग घेतला, तर ती गाडी शिवाजीनगरला किंवा पुणे स्टेशनच्या आजच्या फलाटांना लागूच शकत नाही. वेगळं स्टेशन आलं, आणि ते शहराबाहेर गेलं तर बोगद्यात वाचलेली मिनिटं हडपसरहून तिथवर पोचण्यात खर्ची पडतील. बोगदा ब्रॉडगेजचा केला तर वेग कमी मिळेल, पण सोलापूर-मिरजेच्या गाड्याही त्यातून जातील.