आधी घासा, मग जंतुनाशकात बुडवा

श्रोतेहो, नमस्कार.

माशांना विषाणूजन्य रोग झाला की त्यावर उपाय जवळजवळ नसतो. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत, आणि लसी मोजक्याच रोगांवर आहेत. म्हणून विषाणूला टाकीबाहेरच अडवायचे. तो बहुतेकदा आपल्याच हातून आत येतो, ओल्या जाळीतून, बुटांच्या तळव्यांतून, वाहतुकीच्या पिंपांतून.

हातजाळीच घ्या. तिच्या गाठींत शेवाळ, खवले आणि माशांच्या अंगावरची बुळबुळ अडकून बसते. अशी जाळी तशीच जंतुनाशकात बुडवली तर औषध त्या घाणीवरच खर्ची पडते आणि गाठीतला विषाणू शाबूत राहतो. मग आपण मात्रा वाढवतो, आणि ते जादा रसायन शेवटी ओढ्यात जाते. तेव्हा जाळी आधी साबणपाण्यात ब्रशने घासा, खळबळून धुवा, पूर्ण निथळू द्या. ओली बुडवलीत तर द्रावण पातळ होते.

जंतुनाशकांत परॲसिटिक आम्ल मला सरस वाटते, कारण काम झाल्यावर त्याचे व्हिनेगरमधले आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होते. साधनांसाठी लिटरमागे 200 मिलिग्रॅम घ्या. बाटलीवर 5 टक्के लिहिले असेल तर 10 लिटर पाण्यात 40 ग्रॅम औषध, वजन करून. जाळी 10 मिनिटे पूर्ण बुडालेली हवी. कोई या शोभेच्या माशाच्या हर्पीससारखे आवरण असलेले विषाणू लवकर मरतात. सालमन आणि ट्राउटचे स्वादुपिंड नासवणाऱ्या आयपीएन विषाणूला आवरण नाही, तो चिवट आहे; त्यासाठी मात्रा आणि वेळ लेबलावरचीच पाळा. द्रावण रोज ताजे करा. हातमोजे आणि चष्मा घालून औषध पाण्यात ओता. ब्लीचमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, तांबे आणि पितळ यांना ते खाते.

सालमन-ट्राउटच्या अंड्यांना मात्र आयोडोफोर, म्हणजे आयोडीन असलेले जंतुनाशक, लागते: लिटरमागे 100 मिलिग्रॅम आयोडीन, किमान 10 मिनिटे, अंड्यांच्या चौपट द्रावण, सामू (पीएच) 6 ते 8. तपकिरी रंग फिकट पिवळा पडला की आयोडीन संपले, द्रावण बदला. अंड्याच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत ते पोचत नाही, हे ध्यानात असू द्या. त्यासाठी जनक मासेच निरोगी लागतात.

येणाऱ्या पाण्यासाठी अतिनील दिवा उत्तम, पाण्यात काहीच उरत नाही. पण गढूळ पाण्यात किरण पोचत नाहीत, म्हणून दिव्याआधी बारीक गाळणी हवी. काही विषाणू चौरस सेंटिमीटरला 10 मिलिज्यूल किरणमात्रेच्या आतच निकामी होतात, आयपीएनला 100 च्याही वर लागतात. काचेच्या नळीवर साय धरली की दिवा पेटलेला दिसतो, पण मात्रा घटते.

टाकीत फिरत्या पाण्याचा जैविक फिल्टर असेल तर जंतुनाशक त्यात जाऊ देऊ नका. तिथले उपयोगी जिवाणू मेले की अमोनिया आणि नायट्राइट चढतात आणि मासे त्यानेच दगावतात. वापरलेले द्रावणही लगेच ओढ्यात सोडू नका. वेगळ्या पिंपात साठवा आणि जंतुनाशकाची चाचणीपट्टी शून्य दाखवेपर्यंत थांबा.

जाळ्या शेवटी उन्हात कडक वाळवा. घाईत ओलीच जाळी उचलली जाते, म्हणून प्रत्येक टाकीला दोन ठेवा, एक हातात आणि एक दोरीवर.