शेवटच्या माणसाची चाल

मंडळी, नमस्कार. मला विषय दिलाय ‘साहस, व्यायाम आणि आत्मविश्वास’. त्यातल्या तिसऱ्या शब्दापाशी मी जरा थांबणार आहे. आत्मविश्वास हा शब्द आपण भाषणात वापरतो, घरात फारसा वापरत नाही. घरात आपण धीर म्हणतो. ‘तिला जरा धीर दे.’ ‘तू आलीस, धीर आला बघ.’ ‘त्याचा धीर सुटला.’ पोरगं चारचौघांत बोलायला लागलं की म्हणतो, त्याची भीड चेपली. आत्मविश्वास ज्याचा त्याने आपल्या आत शोधायचा असतो. धीर कुणीतरी देतं, तेव्हा तो कुणाला तरी येतो. मी तेवीस वर्षं शाळेत खेळ शिकवले आणि गेली अकरा वर्षं महिन्यातल्या दोन रविवारी एक गट घेऊन इंदूरच्या आसपासच्या डोंगरांत जाते. एकट्याने कमावलेला धीर मी फार थोडा बघितला. दिलेला-घेतलेला मात्र पुष्कळ बघितला. आज त्याबद्दलच बोलते.

इंदुरात डोंगर चढायचा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘ते पुण्या-मुंबईकडच्यांचं काम. त्यांच्याकडे सह्याद्री आहे.’ अहो, आपल्या पायाखालचा काळा दगड आणि सिंहगडाचा दगड एकाच घराण्यातले आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनेत लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्याच पसाऱ्याचा उत्तरेकडचा भाग म्हणजे आपला माळवा. महूच्या पुढे हे पठार एकदम संपतं. अहिल्याबाईंनी 1791 साली बांधलेल्या जाम दरवाजात उभं राहा, खाली थेट नर्मदेच्या खोऱ्यातला निमाड पसरलेला दिसतो. चंबळ जिथून निघते तो जानापाव समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या वर आहे आणि इंदूर साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे तीनशे मीटरचा फरक आपल्या घरापासून तासा-दीड तासावर आहे. रालामंडल तर शहराला लागूनच, वर होळकरांचं शिकारघर. शिवाय चोरल, तिंछा, पातालपानी. डोंगर नाहीत ही सबब आपल्याला शोभत नाही.

रालामंडलच्या चढावरच एक वहिनी मला पहिल्यांदा नीट भेटल्या. वय 48. शेजारणीने आग्रह केला म्हणून आलेल्या. तिसऱ्या वळणावर त्या थांबल्या, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘ताई, मला काहीतरी होतंय. तुम्ही जा पुढे, मी इथेच बसते.’ चेहरा लाल, ओठ कोरडे. मी शेजारी बसले. छातीत दुखतंय का, हाताला कळ आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, हे विचारलं. तसं काही नव्हतं. मग म्हटलं, ‘वहिनी, भुट्ट्याचा कीस कसा करता हो तुम्ही?’ त्या सांगायला लागल्या. भुट्टा कोवळा हवा, किसणी बारीक नको, दूध थोडं थोडं घालायचं. दर चार शब्दांनंतर दम घेत, पण सांगत होत्या. दूध आटेपर्यंत त्यांचा दम खाली बसला होता. मी म्हटलं, ‘बघा, तुम्हाला बोलता येतंय. म्हणजे शरीर त्याचं काम करतंय.’

ही युक्ती माझी नाही, व्यायाम शिकवणारे सगळेच ती वापरतात. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम लागला तर तो मध्यम व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं सांगते, ती याच दमाची. वहिनींना तीस वर्षांत असा दम लागलाच नव्हता. त्यामुळे छातीतली धडधड म्हणजे आजार, एवढाच एक अर्थ त्यांना ठाऊक होता. धडधडीचा दुसरा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला आणि तो शेजारी कुणीतरी बसलं होतं म्हणून कळला. घरी एकट्या असत्या तर पंखा लावून आडव्या झाल्या असत्या. (छातीत खरोखर दुखत असेल, किंवा रक्तदाब-साखरेची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर, मग डोंगर. यात माझ्याकडे सवलत नाही.)

अल्बर्ट बँडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, अमेरिकेत स्टॅनफर्डला. सापाची भयंकर भीती असलेल्या माणसांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, ते 1969 साली प्रसिद्ध झालं. काही जणांना साप हाताळणाऱ्यांची फिल्म दाखवली. काही जणांसमोर मात्र शिकवणाऱ्याने स्वतः साप हातात घेतला, मग भिणाऱ्याला हळूहळू जवळ आणलं, आपल्या हातावर त्याचा हात ठेवू दिला, आधी हातमोजा घालून, मग उघड्या हाताने. आणि मग शिकवणारा एकेक पाऊल मागे सरत गेला, शेवटी माणूस आणि साप दोघेच. या पद्धतीने गेलेल्यांची भीती सगळ्यांत जास्त गेली. पुढे 1977 मध्ये बँडुरांनी त्यावर आपला सिद्धान्त मांडला. ‘मला हे जमेल’ असं माणसाला का वाटतं? स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघितल्याने, कुणी विश्वासाने सांगितल्याने, आणि आपल्या शरीराच्या खुणा नीट वाचता आल्याने. सगळ्यांत वजन पहिल्याला.

मला त्या प्रयोगातला हात विसरता येत नाही. हातावर ठेवलेला हात, आणि योग्य वेळी काढून घेतलेला हात. धीर देणं म्हणजे नेमकं हेच तर आहे! ‘काही होत नाही, चल’ असं लांबून ओरडणं म्हणजे धीर देणं नव्हे. आणि जन्मभर हात धरून ठेवणं हेही नव्हे. आपल्या घरांत दुसरी चूक जास्त होते, प्रेमापोटी होते.

आता माझी चूक सांगते. गटाचं दुसरं वर्ष. जानापावहून उतरताना मी पुढे होते आणि जोरात होते, कारण बाराच्या आत खाली पोचायचं होतं. वाट एके ठिकाणी फुटते. आम्ही अकरा जण डावीकडे वळलो, खाली आलो, पाण्याच्या बाटल्या काढल्या, आणि मग लक्षात आलं की एक मुलगी नाही. एकोणीस वर्षांची, कॉलेजातली, मुळातच अबोल. चाळीस मिनिटांनी सापडली. दुसऱ्या वाटेवर, सागाच्या झाडाखाली, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. रडत नव्हती. मी विचारलं, ‘हाक का नाही मारलीस ग?’ ती म्हणाली, ‘सगळे पुढे होते. माझ्यामुळे उशीर झाला असता.’

त्या वाक्याने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. भीड चेपायला म्हणून जिला डोंगरात आणलं, तिची भीड आम्ही वाढवली होती. ती परत कधी आली नाही. मी दोनदा फोन केला, घरीही जाऊन आले. तिच्या आईने चहा दिला आणि ‘अभ्यास आहे’ म्हणाली. मला सगळं कळलं.

तेव्हापासून नियम बदलला. गटाची चाल शेवटचा माणूस ठरवतो. सगळ्यांत हळू चालणारी व्यक्ती पहिल्या तिघांत असते आणि सगळ्यांत मागे एक जाणता, शिट्टी गळ्यात घालून. फाट्यावर पहिला माणूस थांबतो आणि मागचा दिसल्याशिवाय हलत नाही. मागच्याने शिट्टी मारली की पुढच्याने थांबायचं, कारण विचारायचं नाही. कारण नंतर.

माझ्या आजीने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, यात नवीन काय? ती लग्नाआधी वारी चालली होती. आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका. ठरलेल्या ठिकाणी विसावा, ठरलेल्या ठिकाणी मुक्काम. प्रत्येक दिंडीला नंबर, त्यामुळे गर्दीत चुकलेली म्हातारीही नंबर सांगून आपल्या माणसांत पोचते. सत्तरीच्या बायका ते अंतर चालतात. त्यांच्या पायांत आपल्यापेक्षा जास्त जोर असतो म्हणून? थोडा असेलही, शेतात राबलेले पाय असतात ते. पण रांगेत आपली जागा आहे आणि ती जागा रिकामी दिसली तर कुणीतरी शोधत येईल, हे त्यांना ठाऊक असतं. माझ्या त्या मुलीला ते ठाऊक नव्हतं.

पाश्चात्त्यांकडे हा विचार समुद्रातून आला. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडत होती. लॉरेन्स होल्ट नावाच्या जहाजमालकाच्या ध्यानात आलं, की होड्यांमध्ये तगून राहतात ते अनुभवी, वयस्क खलाशी, आणि तरुण, धडधाकट पोरं आधी हार खातात. कुर्ट हान या शिक्षकाबरोबर त्यांनी 1941 मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे तरुणांसाठी महिनाभराचं शिक्षण सुरू केलं. ती ‘आउटवर्ड बाउंड’ या साहस-शिक्षणाच्या संस्थेची सुरुवात. शरीर कमावलेलं असूनही धीर सुटतो, हे त्या होड्यांनी दाखवलं होतं. खेळाची शिक्षिका म्हणून मला ते मान्य करायला वेळ लागला, पण ते खरं आहे.

म्हणून व्यायाम नको असं कुणी समजू नका. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात. उतरणीवर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्यासाठी जिममध्ये नाव घालायची गरज नाही. आपल्या इमारतीचा जिना पुरतो. आठवड्यातून तीनदा चढा आणि, हे महत्त्वाचं, लिफ्टने न येता सावकाश उतरा. खुर्चीतून हात न लावता उठा-बसा. सहा आठवड्यांनी रालामंडलला या.

आणि कुणाबरोबर जाता ते बघा. गट वेगळा, गर्दी वेगळी. नाव घेत नाही, पण एका पैसे घेऊन नेणाऱ्या मंडळींबरोबर मी स्वतः गेले आहे. सत्तर माणसं, विशीतली दोन पोरं पुढारी म्हणून, आणि पाठीवर गाण्याचा डबा. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. धबधब्याशी फोटो काढायला रांग लागली आणि ओल्या शेवाळावर एक बाई घसरल्या, तर त्या कुणाबरोबर आल्यात हेच कुणाला सांगता येईना. आम्ही पंधराच्या वर माणसं घेत नाही. लोक नाराज होतात. होऊ देत.

धीर डोंगरावरून घरापर्यंत आपोआप येतो असंही मी म्हणणार नाही. दोरावरून सरसर उतरणारी मुलं मुलाखतीत गप्प बसलेली मी बघितली आहेत. फरक पडतो तो जबाबदारीने. म्हणून आमच्याकडे कामं फिरती असतात. एका रविवारी तुम्ही माणसं मोजायची, पुढच्या वेळी पाण्याचा हिशेब ठेवायचा, सहा महिन्यांनी गळ्यात शिट्टी. ज्यांना आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही, अशा बायका पहिल्यांदा मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ मोजतात तेव्हा त्यांचा आवाज कापतो. चौथ्या-पाचव्या मोजणीला कापत नाही.

मागच्या पावसाळ्यात चोरलच्या बाजूला गेलो होतो. एक ओढा ओलांडायचा होता. पाणी घोट्यापर्यंत, तळाचे गोटे दिसत होते, पलीकडे मक्याचं शेत आणि त्यापुढे आमची न्याहारीची जागा. आमच्यावर पाऊस नव्हता, ऊन होतं. पहिले चौघे पाण्यात उतरले आणि मागून शिट्टी आली. भुट्ट्याच्या किसवाल्या वहिनी. त्या दिवशी मागे चालायची पाळी त्यांची होती.

सगळे थांबले. गटात नवीन आलेले एक निवृत्त साहेब होते, ते हसून म्हणाले, ‘अहो वहिनी, घोटाभर तर पाणी आहे.’ वहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, ‘मघाशी गोटे स्वच्छ दिसत होते. आता बघा.’ आम्ही बघितलं. पाण्याला चहासारखा रंग चढायला लागला होता आणि काडी-कचरा, एखादं हिरवं पान वाहून येत होतं. वर कुठेतरी पाऊस पडत होता. 2011 च्या जुलैमध्ये पातालपानीला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेल्या कुटुंबातली माणसं वाहून गेली, ते दृश्य या भागातला कुणी विसरलेला नाही. साहेब म्हणाले, ‘पाच मिनिटांत पलीकडे जाऊ.’ मी काही बोलले नाही. बोलायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, शिट्टी माझ्या गळ्यात नव्हती.

वहिनींचा आवाज चढला नाही. ‘नाही काका. चौघं आधी अलीकडे या, मला मोजायचंय.’ चौघं परत आले. त्यांनी मोजलं, चौदा. मग रांग उलटी फिरली आणि त्या सगळ्यांत पुढे झाल्या.

पाणी नंतर किती चढलं ते बघायला आम्ही थांबलो नाही. गाडीपाशी येऊन दशम्या आणि लसणाची चटणी सोडली. साहेबांनी पहिली दशमी वहिनींच्या हातात ठेवली.