शिडाच्या बोटीतलं डिझेल काढताना

[दृश्य: बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याला, अडकवलेली चेन पुली. केबिनच्या दारातून इंच-इंच वर येणारं जुनं इंजिन.]

शिडाच्या बोटीतून डिझेल इंजिन बाहेर काढायचं, तर आधी केबिनचा जिना काढावा लागतो. इंजिन बसवलेलं असतं नेमकं जिन्याखाली, आणि बाहेर पडायला वाट ती एकच. शिडाच्या बूमला चेन पुली अडकवतात. एक जण साखळी ओढतो, दुसरा इंजिन कडेच्या लाकडाला घासू नये म्हणून हाताने सावरत राहतो. इंजिन वर आलं की खाली उरतो काळाकुट्ट, तेलकट खड्डा. डिझेलचा वास लाकडात, फोममध्ये, गाद्यांत इतका मुरलेला असतो, की नवीन काही बसवण्याआधी दोन-तीनदा साबणाने घासूनही तो पुरता जात नाही.

उमा ही अशीच एक बोट. पिअरसन 36 जातीची, 1972 सालची, अमेरिकेत बांधलेली. डॅन आणि किका या वास्तुविशारद जोडप्याने ती फ्लोरिडात घेतली, स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली, डिझेल काढलं आणि वीजमोटर बसवली. पुढे फिनलंडच्या ओशनव्होल्ट कंपनीची मोटर घातली. याच बोटीने त्यांनी अटलांटिक ओलांडला, नॉर्वे गाठलं आणि थेट स्वालबार्डपर्यंत, आर्क्टिकच्या बर्फापर्यंत मजल मारली. डिझेल इंजिनाशिवाय.

हे कसं जमतं, ते समजून घ्यायचं तर आधी बघू, शिडाच्या बोटीवर इंजिन करतं तरी काय. बंदरातून बाहेर पडताना अर्धा तास, परत येताना अर्धा तास. वारा पडला की थोडं. एरवी ते बंदच असतं, आणि डिझेल इंजिनाला बंद राहणंच मानवत नाही. थोडा वेळ चाललं, नीट तापायच्या आत थांबलं, की आत काजळी धरते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा खारं पाणी खात राहतं. टाकीत पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी साचतं, त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर तुंबतो. तोही नेमका समुद्र खवळल्यावर, कारण तेव्हाच टाकीतला गाळ ढवळला जातो. जुन्या बोटींची इंजिनं बहुतेक वेळा वापरून झिजत नाहीत, पडून राहून मरतात.

[दृश्य: पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, कपलिंगमध्ये फट मोजणाऱ्या फिलर गेजची पाती सरकवणारे हात.]

आता मोटर बसवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चार बोल्ट आवळले की झालं. पण पंखा पाणी मागे ढकलतो, तेव्हा तेवढ्याच जोराने शाफ्ट पुढे येऊ बघतो. हा रेटा आजवर इंजिनाचा गिअरबॉक्स झेलत होता. तो गेला, की रेटा घेणारं थ्रस्ट बेअरिंग वेगळं द्यावं लागतं, नाहीतर सगळा भार मोटरच्या बेअरिंगवर येतो आणि मोटर लवकरच खडखडायला लागते.

मग येते जुळणी. मोटरचं आणि शाफ्टचं, दोन्ही कपलिंग, म्हणजे जोडणाऱ्या तबकड्या, समोरासमोर आणायची आणि मधल्या फटीत फिलर गेजची पाती घालून बघायचं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारही बाजूंचा फरक एक दशांश मिलिमीटरच्या आत हवा. जमला नाही तर मोटरच्या पायाखाली पातळ पत्री सरकवा, बोल्ट आवळा, पुन्हा मोजा. आणि जमिनीवर अचूक जमलेलं पाण्यात उतरल्यावर बिघडतं, कारण तरंगताना बोटीचा सांगाडा किंचित वाकतो. म्हणून शेवटची मापं बोट पाण्यात असतानाच घ्यायची. या कामाला घाई अजिबात चालत नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. 3.2 व्होल्टचे 16 सेल एकामागे एक जोडले की 51 व्होल्ट होतात. 280 अँपिअर-तासांचे सेल घेतले, तर साठा होतो साधारण 14 युनिट. आपल्या वीजबिलावर असतं तेच युनिट. सेलचंच वजन जवळपास 90 किलो. व्होल्टेज कमी, म्हणून प्रवाह मोठा: 8 किलोवॉट काढले तर जवळपास 160 अँपिअर. त्यामुळे केबल अंगठ्याएवढी जाड लागते. जोडणी करताना पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची, हातातली अंगठी काढून ठेवायची. पाना चुकून दोन टोकांवर पडला, तर तो जागेवर वितळून चिकटतो. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि तोही एवढा मोठा प्रवाह तोडू शकेल असाच. शून्य अंशाखाली हे सेल चार्ज करायचे नाहीत. उत्तरेकडे जाणाऱ्याने हे आधीच मनाशी पक्कं करावं.

[दृश्य: निवांत पाणी. बोटीच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, उठणारी लाट, मग मागची लाट. पडद्यावर वेगाचे आकडे.]

आता मुख्य गोष्ट, वेग. पाण्यातून जाताना बोट स्वतःच लाट उठवते. वेग वाढतो तशी ती लाट लांब होत जाते, आणि एका मर्यादेनंतर बोट स्वतःच्याच लाटेवर चढ चढायला लागते. पाण्यात 25 फूट लांबी असलेल्या बोटीची ही मर्यादा सुमारे 6.7 नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल. तिच्या जवळ गेलं की ताकद भरमसाट लागते.

ढोबळ हिशेब बघा. 5 टनांच्या, 30 फुटी बोटीला शांत पाण्यात 4 नॉटला साधारण 2 किलोवॉट लागतात. 6 नॉटला 8 ते 9. बॅटरीतले 11 युनिट वापरायचे ठरवले, तर 4 नॉटने साडेपाच तास, म्हणजे 22 सागरी मैल. 6 नॉटने जेमतेम सव्वा तास, आठ मैलांच्या आत. बोट तीच, बॅटरी तीच. फरक फक्त वेगाचा दांडा किती पुढे सरकवला याचा. पट्टीचे खलाशीसुद्धा पहिल्यांदा हे आकडे बघून थबकतात.

आणि डिझेल? एका लिटरमध्ये 10 युनिट ऊर्जा. छोटं इंजिन त्यातली तीनेक शाफ्टपर्यंत पोचवतं. म्हणजे त्या 90 किलोच्या सेलमध्ये मावतं ते चार लिटर डिझेलचं काम. ही वस्तुस्थिती लपवून वीजमोटरची भलामण करणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या भरवशावर कुणीतरी समुद्रात जाणार असतं.

शिडावर चालताना पंखा पाण्याने फिरतो आणि मोटर उलट वीज बनवते, हे खरं. पण 6 नॉटला मिळतात काहीशे वॉट, आणि बदल्यात वेग थोडा जातो. 600 वॉटचे सोलर पॅनल ऊन चांगलं असेल तर दिवसाला अडीच-तीन युनिट देतात. जिमी कॉर्नेल या अनुभवी दर्यावर्दीने 2020 मध्ये आव्हेंतुरा झिरो ही विजेवरची कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेचा बेत आखला. कोविडमुळे मोहीम अर्धवट राहिली. शिवाय बोटीवरचा विजेचा खर्च निर्मितीपेक्षा जास्त होत असल्याचं त्याने जाहीरपणे सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

विजेवरची बोट काही आजची नाही. 1838 मध्ये याकोबी या शास्त्रज्ञाने रशियात सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत चालवली होती. केरळात वैक्कमच्या जलाशयात 2017 पासून ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौर फेरी चालते. तिचा मार्ग छोटा, ठरलेला, किनारा कायम समोर. बॅटरीला याहून सोयीचं काम नाही. खोल समुद्रातल्या शिडाच्या बोटीला असा किनारा नसतो. तिथे वारा पडला, तर थांबायची तयारी लागते. उमा हेच करते: वाऱ्याची वाट बघते, नांगरावर जास्तीचे दिवस काढते, आणि मोटर राखून ठेवते ती बंदरात शिरायला.

[दृश्य: केबिनमधलं टेबल. उघडी वही, पेन्सिल.]

बदल करायचा असेल, तर डिझेल काढण्याआधी एक पूर्ण हंगाम वही ठेवा. इंजिन प्रत्येक वेळी किती वेळ चाललं, किती नॉटला, वारा कुठून होता, ओहोटी किती जोराची होती, सगळं लिहा. एका वेळी दोन तासांच्या वर इंजिन लागलंच नसेल आणि 5 नॉटवर भागत असेल, तर 16 सेल पुरतील. पण तुमच्या खाडीच्या मुखाशी चार नॉटचा ओघ असेल आणि वेळ बघून निघणं तुम्हाला शक्य नसेल, तर डिझेल राहू द्या, किंवा मोटरच्या जोडीला छोटा जनरेटर ठेवा.