ही तेलबी न्हाई, ही डाळ हाय

श्रोतेहो, नमस्कार. बीच्या पोटात तेल किती आणि प्रथिन किती, हे ठरतं कसं, याबद्दल आज बोलायचंय. पण त्याआधी घाण्यावरची गोष्ट, कारण मला हे पहिल्यांदा तिथंच कळलं.

मी चौथीत होतो. आमच्या लातूर भागात सोयाबीन तेव्हा नवंनवं होतं. आजोबांनी पहिल्यांदाच दोन एकर पेरलं. आमच्या घरी तेल घाण्याचंच. अडीच किलो शेंगदाण्याला किलोभर तेल, हा आजीचा पाठ हिशेब. (आणि त्या तेलात फोडणी पडली की वास गल्लीच्या तोंडाशी यायचा. पिशवीतल्या तेलाला वासच नसतो, ज्वारीच्या भाकरीवर ते घेणं माझ्या जिवावर येतं.) तर आजोबांनी सोयाबीनचं अर्धं पोतं गाडीत टाकलं, मला वर बसवलं आणि आम्ही घाण्यावर गेलो.

घाणेवाल्या काकांनी पोत्यात हात घातला. एक दाणा दाढेखाली धरून फोडला, चावला, थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "आबा, ही तेलबी न्हाई. ही डाळ हाय."

आजोबा म्हणाले, "सरकार तेलबिया म्हणतंय. घाल तू."

काकांनी घातलं. झापडं बांधलेला बैल फिरायला लागला, लाट, म्हणजे उखळीत फिरणारं लाकूड, करकरली. शेंगदाणा असता तर थोड्या वेळात उखळीच्या कडेला चकाकी आली असती. इथं नुसतं पिवळं पीठ झालं. काकांनी पाण्याचा शिपका मारला, तर पिठाचा गोळा होऊन लाटेला चिकटला. बैल थांबला. काकांनी गोळा हातात घेऊन मुठीत दाबला आणि तळहात आजोबांपुढं धरला. तळहात जरासा चमकत होता, बस्स. आजोबांनी त्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, पण बोलले काही नाहीत. काकांनी मजुरी घेतली नाही. परतताना पीठ गाडीत होतं. संध्याकाळी त्यातलं मूठमूठ म्हशीपुढं ठेवलं, तर तिनं पाटी चाटून लख्ख केली.

श्रोतेहो, दाढेखालचा तो निकाल बरोबर होता. सोयाबीनच्या दाण्यात शंभरातले साधारण ४० भाग प्रथिन आणि २० भाग तेल. शेंगदाण्यात उलट: तेल ४५ ते ५०, प्रथिन पंचविसाच्या आसपास. पुन्हा सांगतो. सोयाबीन, प्रथिन ४०, तेल २०. शेंगदाणा, तेल पन्नासाला टेकलेलं, प्रथिन त्याच्या निम्मं. दोन्ही शेंगवर्गातलीच पिकं, दोघांच्याही मुळांवर गाठी, तरी साठा वेगळा.

असं का? पानात साखर तयार होते आणि ती दाण्याकडे येते. त्याच साखरेतून तेल करायचं आणि त्याच साखरेला नत्र जोडून प्रथिनही करायचं. साखर एकच, वाटेकरी दोन. नत्र येतं मुळांवरच्या गाठींतून, आणि दाणा भरताना ते पानांतूनही काढलं जातं. शेंगा भरत आल्या की सोयाबीन पिवळं पडून पानं गाळतं, ते तुम्ही दरवर्षी बघता. तो दरवेळी रोग नसतो. झाड पानांतलं नत्र काढून दाण्यात भरत असतं.

म्हणूनच नवं वाण काढणाऱ्यांची ओढाताण होते. तेल वाढवायला जावं तर प्रथिन उतरतं, प्रथिन वाढवावं तर बहुतेकदा एकरी उतारा कमी येतो. साखर एकच, वाटेकरी दोन. आणि आपल्या बाजारात दाण्याचा ओलावा बघतात, काडीकचरा बघतात, पण प्रथिन किती हे शेतकऱ्याला कुणी विचारत नाही. तेल काढून उरलेल्या ढेपेला मागणी असते ती प्रथिनासाठीच, मग त्याचा दाम शेतकऱ्याला का मिळू नये? मला हे फार लागतं.

आता घाण्यात तेल का सुटलं नाही? सोयाबीनमध्ये तेलाचे बारीक थेंब प्रथिनांच्या मोठ्या कणांमध्ये दडलेले असतात, आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ वेष्टण असतं. आधीच तेल थोडं, त्यात प्रथिन ते धरून ठेवतं. म्हणून कारखान्यात सोयाबीनचे पोहे करून हेक्झेनमध्ये, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवात, भिजवतात, तेव्हा कुठं तेल पुरतं निघतं.

घरात दोन्ही असतील तर आज एक शेंगदाणा आणि एक सोयाबीन वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून बत्त्यानं ठेचा. शेंगदाण्याखालचा कागद लगेच पारदर्शक होईल. सोयाबीनचा डाग दिसायला कागद दिव्यासमोर धरावा लागेल. नमस्कार.