एकाच कंपनीचा शिक्का, दोन वेगळ्या गाड्या

(दृश्य : चाचणीगृह. धावपट्टीच्या दोन टोकांना समोरासमोर उभ्या दोन गाड्या.)

एका टोकाला निसान त्सुरू, 2015 ची. दुसऱ्या टोकाला निसान वर्सा, 2016 ची. दोन्ही चार दारांच्या, दोन्हींत 1.6 लिटरचं पेट्रोल इंजिन. त्सुरू ही त्या वेळी मेक्सिकोत निसानची सगळ्यांत स्वस्त सेडान. वर्सा ही तेव्हा अमेरिकेत निसानची सगळ्यांत स्वस्त, किंमत 11,990 डॉलरपासून पुढे.

(दृश्य : चेसिस नंबर, जवळून.)

आता हा चेसिस नंबर बघा. दोन्हींची सुरुवात 3एन1. तीन म्हणजे मेक्सिको, एन म्हणजे निसान. म्हणजे अमेरिकन ग्राहकाची गाडी काही अमेरिकेत बनलेली नाही. दोन्ही गाड्या मेक्सिकोतल्या कामगारांनीच जोडलेल्या आहेत.

(दृश्य : डमी बसवताना तंत्रज्ञ. चेहऱ्याला, गुडघ्यांना रंग.)

ऑक्टोबर 2016. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रकर्सव्हिल इथलं हे केंद्र विमा कंपन्यांच्या पैशावर चालतं. गाड्या आदळवून त्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप आणि लॅटिन एनकॅप या संस्थाही या चाचणीत सहभागी आहेत.

टकरीला काही क्षण लागतात, तयारीला बराच वेळ. डमी म्हणजे माणसाच्या जागी बसवलेला पुतळा, सरासरी उंची-वजनाच्या पुरुषाएवढा, सुमारे 78 किलोचा. त्याच्या डोक्यात, मानेत, छातीत आणि मांडीच्या हाडात संवेदक असतात. सीट ठरलेल्या खाचेतच ठेवायची, कारण ती दोन-तीन सेंटिमीटर जरी सरकली तरी गुडघा डॅशबोर्डवर वेगळ्या जागी आदळतो आणि आकडे बदलतात. टाकीतलं पेट्रोल काढून त्याऐवजी सहज पेट न घेणारा द्रव भरतात, म्हणजे टाकी फुटली तर गळती दिसते, भडका उडत नाही. चेहऱ्यावरचा हा ओला रंग सगळ्यांत साधा, पण फार कामाचा. डोकं कुठे आपटलं, ते नंतर डागावरून कळतं. एअरबॅगवर डाग पडला तर ठीक. स्टिअरिंगच्या कडेवर किंवा खांबावर पडला तर नाही.

(दृश्य : दिवे लागतात. केबल ताणली जाते.)

दोन्ही गाड्या साधारण ताशी 64 किलोमीटरने एकमेकींकडे ओढल्या जातात. समोरचा अर्धाच भाग भिडेल अशी आखणी असते, कारण रस्त्यावर ओव्हरटेक करताना टक्कर बहुतेक अशीच होते.

(दृश्य : टक्कर. संथ गती. इथे निवेदन थांबवावं.)

(दृश्य : त्सुरूचा पुढचा खांब.)

काचेच्या कडेचा हा खांब म्हणजे ए-पिलर. तो दुमडला, छत वाकलं, दाराची चौकट अरुंद झाली. खांब मागे आला की डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगही मागे येतं. पट्टा बांधलेला डमी जागच्या जागी आहे, पण त्याच्यासमोरची मोकळी जागा संपली आहे. या गाडीत एअरबॅग नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही नाही.

(दृश्य : वर्साचा तोच भाग.)

इथे खांब उभा आहे. धक्का गिळायचं काम बोनेटखालच्या दोन लांब बीमनी केलं. ते घडी पडतील असेच बनवलेले असतात. त्यांच्यामागे प्रवाशांचा पिंजरा मात्र जास्त ताकदीच्या पोलादाचा. पुढचा भाग नरम, मागचा कडक, हा क्रम उलटला तर पिंजरा आधी मोडतो. साधारण 30 मिलिसेकंदांत एअरबॅग फुगते, त्याच सुमारास प्रीटेन्शनर पट्ट्यातला ढिलेपणा ओढून घेतो. आणि हे नीट ऐका, कारण जाहिरातीत ते कोणी सांगत नाही : पिंजराच कोसळला तर एअरबॅगचा भरवसा धरता येत नाही. स्टिअरिंग वाकडं होतं आणि डोकं पिशवीवरून घसरतं.

चाचणीचा निष्कर्ष : वर्साच्या चालकाला गुडघ्याची किरकोळ दुखापत. त्सुरूचा चालक बहुधा वाचला नसता.

(दृश्य : जुन्या सेंट्राचं छायाचित्र. त्यावरून कट, मेक्सिकोतल्या त्सुरू टॅक्सी.)

त्सुरूचा हाच सांगाडा अमेरिकेत सेंट्रा नावाने 1991 ते 1994 या मॉडेल वर्षांत विकला गेला. मग तिथले नियम पुढे गेले. 1998 च्या मॉडेलपासून पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या, 2012 च्या मॉडेलपासून गाडी घसरू न देणारं ईएससी, मे 2018 पासून मागचा कॅमेरा. छताने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार पेलला पाहिजे, हाही नियम आहे. बाजूच्या एअरबॅग किती हव्यात, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. 25 सेंटिमीटर जाडीच्या खांबावर ताशी 32 किलोमीटरने गाडी आडवी आदळायची आणि डमीचं डोकं सुरक्षित राहायला हवं, एवढीच अट. ती कर्टन एअरबॅगशिवाय, म्हणजे छताच्या कडेतून खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या एअरबॅगशिवाय, पार पडणं फार अवघड, म्हणून छोट्या गाडीतही ती आपोआप येते.

मेक्सिकोत तोवर असं बंधन नव्हतं. म्हणून जुने साचे चालूच राहिले.

लॅटिन एनकॅपने मांडलेल्या आकड्यानुसार 2007 ते 2012 या काळात त्सुरूच्या अपघातांत 4,000 हून जास्त माणसं गेली. मे 2017 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

(दृश्य : तळेगाव. कारखान्याचं फाटक, बाहेरून.)

पुण्याजवळच्या तळेगावात 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. इथे शेव्हरोलेची बीट बनायची. कोरियातल्या चांगवॉनमध्ये हीच गाडी स्पार्क नावाने अमेरिकेसाठी बनायची. एकच आराखडा, तेच त्रिकोणी दिवे, मागच्या दाराचं लपवलेलं हँडलही तेच.

(दृश्य : पडदा दुभंगलेला. डावीकडे स्पार्क, उजवीकडे बीट.)

अमेरिकेतल्या स्पार्कमध्ये 10 एअरबॅग, अगदी खालच्या मॉडेललाही. समोर दोन, गुडघ्यांसाठी दोन, पुढच्या सीटच्या बाजूंना दोन, मागच्या सीटच्या बाजूंना दोन, छताच्या कडेने दोन. जानेवारी 2014 मध्ये रकर्सव्हिलच्याच संस्थेने फक्त पाव भाग भिडवणाऱ्या कठीण चाचणीचे निकाल जाहीर केले. त्या वर्गातल्या 11 छोट्या गाड्यांपैकी समाधानकारक शेरा मिळाला तो एकट्या स्पार्कला.

भारतात विकल्या जाणाऱ्या बीटच्या स्वस्त मॉडेलमध्ये एकही एअरबॅग नव्हती.

त्याच महिन्यात ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या तपासल्या : अल्टो 800, नॅनो, फिगो, पोलो, आय10. एअरबॅग नसलेल्या या पाचही मॉडेलना शून्य तारे. फोक्सवॅगनने त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो विकणं बंद केलं. मनात असलं तर किती चटकन होतं, ते यावरून दिसतं.

तळेगावची बीट पुढे मेक्सिकोलाही जात राहिली. 2017 अखेर भारतातली विक्री थांबली, डिसेंबर 2020 मध्ये उत्पादनही. कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. अमेरिकेतली स्पार्क 2022 मध्ये बंद झाली.

(दृश्य : शोरूम. दाराच्या चौकटीवरून, सीटवरून फिरणारा कॅमेरा.)

शोरूममध्ये माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गाडीच तपासा. सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं आहे का. खांबाच्या आवरणावर तशी अक्षरं आहेत का. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा आहे, की फक्त कमरेचा. हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं पाहायचं, कारण वरच्या मॉडेलमधली गोष्ट खालच्यात असेलच असं नाही. भारत एनकॅपची, म्हणजे भारतातलीच तारे देणारी, चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली, पण ती कंपन्यांच्या मर्जीवर आहे. चाचणी झालेल्या गाडीच्या स्टिकरवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की निकाल उघडतो. त्यात एकूण ताऱ्यांवर न थांबता चालकाच्या छातीला आणि पायांना किती धोका आहे हे दाखवणारे रंग वेगवेगळे पाहा.